प्रकृतिबदल कळवणे (नर्सिंग होम)

नर्सिंग होममधील वृद्धाच्या तब्येतीत फरक पडला, की तो संबंधितांपर्यंत वेळेत पोचवण्याची पद्धत. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणापासून अपेंडिक्सपर्यंत सगळे उरकणारे छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत आहे ते अमेरिकेतील, वृद्धांच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेचे निवासस्थान.

तिथे डॉक्टर मुक्कामाला नसतो. संघीय नियमानुसार दाखल झाल्यापासून पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी आणि पुढे दर ६० दिवसांनी त्याची एक भेट झाली तरी चालते. मधल्या काळात त्याला जे कळते ते बहुतेक फोनवरून. म्हणून इजा होऊन डॉक्टरची गरज भासेल असा अपघात, शारीरिक-मानसिक स्थितीतील लक्षणीय बदल, उपचारांत मोठा फेरफार किंवा दुसरीकडे हलवण्याचा निर्णय, अशा वेळी ताबडतोब कळवणे सक्तीचे आहे.

अडचण आहे ती ‘लक्षणीय’ या शब्दाची. म्हातारपणी न्यूमोनिया ताप-खोकला घेऊनच येतो असे नाही. आजी आज गप्प आहेत, चहा तसाच निवला, उठवायला एकीऐवजी दोघी लागल्या, एवढेच दिसते. आणि दिसते ते अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनीस बाईला, जिचे सक्तीचे प्रशिक्षण किमान ७५ तासांचे आणि जिला सहसा कोणी विचारत नाही. वृद्धांना टाळता येण्यासारखे रुग्णालयात हलवणे कमी व्हावे, यासाठीच्या ‘इंटरॅक्ट’ कार्यक्रमातील ‘स्टॉप अँड वॉच’ हे कार्ड तिच्यासाठीच आहे. कमी बोलणे, कमी खाणे-पिणे, तीन दिवस शौचास न होणे, त्वचेचा रंग बदलणे अशा खुणांपैकी जी दिसेल तिच्यावर गोल करून कार्ड नर्सच्या हाती द्यायचे.

नर्सने डॉक्टरशी बोलताना ‘एसबार’चा (SBAR, चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) क्रम पाळावा, अशी अपेक्षा असते: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. ही रीत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून वैद्यकात आली. ‘आजींना बरं वाटत नाहीये’ असे मोघम न सांगता नर्स म्हणते, ‘वय ८४, मधुमेह आहे. सकाळपासून गुंगीत आहेत, दोन जेवणं टाकली, श्वास मिनिटाला २६. मला न्यूमोनियाची शंका येते. आज येऊन बघाल का?’ यातले शंकेचे वाक्यच नर्सच्या तोंडून लवकर निघत नाही; निदान हे डॉक्टरचे काम, हा संस्कार आड येतो.

नातेवाइकाला किंवा प्रतिनिधीला कळवणेही सक्तीचेच. नियमात पहिला मान मात्र खुद्द त्या वृद्धाचा आहे. त्याची खोली किंवा खोलीतला सोबती बदलायचा असला, तरी तेही त्याला सांगावे लागते.