पूरप्रवण बाजारपेठेचे पुनरुज्जीवन (खानदेश)

वारंवार पुराखाली जाणाऱ्या नदीकाठच्या पेठेत व्यापार आणि माणसांची वर्दळ पुन्हा रुजवण्याचे काम. खानदेशात हा प्रश्न मुख्यतः तापीच्या दक्षिणेकडील उपनद्यांच्या खोऱ्यांत येतो : धुळे पांझरेवर, अमळनेर बोरीवर, चाळीसगाव तितूर आणि डोंगरी या नद्यांवर. वर्षातले कितीतरी महिने या नद्यांत धारही दिसत नाही. डोंगरात पाऊस कोसळला की काही तासांत त्या दुथडी भरतात. कोरड्या पात्राची सवय झाली की आधी टपरी, मग ओटा, मग गोदाम असे एकेक बांधकाम काठावरून खाली सरकते.

धुळ्याची पेठ मुद्दाम वसवलेली आहे. १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले तेव्हा तेथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पाट, मध्ये गाव. व्यापाऱ्यांनी यावे म्हणून त्याने घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्क्या बांधकामासाठी आगाऊ रकमा दिल्या. नव्याने येणाऱ्यांना दिल्या तशा जुन्या रहिवाशांनाही. १८७२ पर्यंत वस्ती १२,४८९ झाली. त्याच वर्षी पुराने घरांची आणि मालमत्तेची मोठी हानी केली, तरी शहर वाढतच राहिले. पुरानंतरच्या आजच्या योजनांत घाट आणि सुशोभीकरण आधी येते, दुकानदाराच्या हाती खेळते भांडवल मात्र उशिरा पडते. ब्रिग्जचा क्रम अधिक शहाणपणाचा होता.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात पाणी शिरले तेव्हा पोळा आठवड्यावर आणि गणपती दहा दिवसांवर होते. सणासाठी उधारीवर माल भरण्याचे हेच दिवस. कापडाच्या दुकानात सर्वांत खालच्या फळीवरचे गठ्ठे आधी भिजतात. किराण्याच्या दुकानात जमिनीवर थप्पी लावलेली साखर विरघळते आणि पोते रिकामे होऊन खाली बसते. पाणी ओसरल्यावर शटर वर जात नाही, कारण पट्टीत गाळ घट्ट बसलेला असतो. भिजलेली उधारीची वही वाळवून पाने सुटी करावी लागतात. तीच हरवली तर येणे कोणाकडे मागायचे?

म्हणून पेठेतले उपाय साधे असतात : भक्कम माळा, छातीच्या वर बसवलेले विजेचे मीटर, तळघरात माल न ठेवणे, जोते उंच करणे. मात्र जुन्या रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर चढला की उंच केलेले जोतेही खाली जाते आणि दुकानाचा हौद होतो. जुना थर खरवडून मगच रस्ता करावा, ही दुकानदारांची मागणी अगदी रास्त आहे.

इशाऱ्याची रीत गावागणिक वेगळी. धुळ्याच्या वर अक्कलपाडा धरण आहे. तेथून विसर्ग वाढवण्याआधी खबर देता येते आणि माल हलवायला वेळ मिळतो. चाळीसगावला कन्नड घाटाकडच्या डोंगरांतले पाणी थेट येते, तेही रात्री आले तर दुकाने बंद असतात. तेथे डोंगरातल्या पर्जन्यमापकाची नोंद पेठेपर्यंत पोहोचणे हाच खरा बचाव.

बांधकामासाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही; दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी पाळून करता येते. जुनी पेठ अनेकदा याच पट्ट्यात येते. ती उठवली तर भाजीवाल्या बाईचे गिऱ्हाईकही तुटते, तेव्हा सरसकट स्थलांतर हा उपाय नव्हे.

पात्रातली मोकळी जागा कशी वापरावी हे अमळनेरला पाहावे. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या वाळवंटात भरते. पाले, पाळणे, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकाने थेट पात्रात लागतात, आणि मृगाच्या पावसाआधी खुंट्यासुद्धा उपटून पात्र नदीसाठी रिकामे होते.