बंदराचं सिम्युलेशन: काम थांबवताना आणि पुन्हा सुरू करताना

आमचं पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं बंदराचं सिम्युलेशन वापरणारी कॉलेजं आणि होडी बांधणारे कारखानदार नेहमी विचारतात: रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा देखावा अर्ध्या भरतीवर बंद केला, तर उद्या तिथूनच पुढे सुरू करता येईल का? येईल. त्यासाठी जतन काय करायचं, हे नीट समजून घ्या.

पडद्यावरची होडी हे चित्र आहे. ते साठवू नका. पायगेम या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीचा सर्फेस (म्हणजे हे चित्र) पिकलमध्ये, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या साठवण्याच्या पद्धतीत, टाकायला गेलात, तर पायथन टाइपएरर ही चूक दाखवून थांबतो. साठवायची ती होडीची माहिती: क्रमांक, प्रकार, जागा (एक्स-वाय), वेग, नाळेची (पुढच्या टोकाची) दिशा, टाकीतलं डिझेल. फाइल उघडली की प्रोग्राम त्यावरून चित्र नव्याने काढतो.

सिम्युलेशनचं घड्याळही साठवा, हे बरेच जण विसरतात. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते आणि आपलं पाणी या घड्याळावरच चढतं-उतरतं. घड्याळ शून्यावर गेलं, तर होड्या जागेवर असतात, पण पाण्याची पातळी चुकते आणि ट्रॉलर गाळात रुततो.

फाइल आम्ही जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवतो, कारण ती नोटपॅडमध्येही वाचता येते. आपण स्वतः कोड बदलणार असाल, तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. डिक्शनरीत, म्हणजे किल्लीवरून (की) माहिती शोधायच्या पायथनच्या यादीत, होडीचा क्रमांक 7 ही किल्ली आकडा असते, जेसनमधून परत येताना तिचा मजकूर होतो. मग 7 क्रमांकाची होडी शोधली की कीएरर, म्हणजे किल्ली न सापडल्याची चूक, येते. वाचताना क्रमांकाला इंट लावा, म्हणजे त्याचा पुन्हा आकडा होतो. होडी जेटीला बांधलेली असेल तर आख्खी जेटी होडीत साठवू नका, फक्त तिचा क्रमांक लिहा. उघडताना आधी सगळ्या होड्या आणि जेटी तयार करायच्या, दोर नंतर बांधायचे.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लिहिता लिहिता संगणक बंद पडला तर फाइल अर्धवट राहते. म्हणून आमचा प्रोग्राम आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहितो आणि मगच पायथनच्या ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेस या आज्ञेने ती जुन्या फाइलच्या जागी ठेवतो. ही पायरी कृपया काढू नका.

अनोळखी माणसाने पाठवलेली पिकल फाइल मात्र कधीही उघडू नका. ती उघडताना तिच्यात दडवलेला कोणताही कोड आपल्या संगणकावर चालू शकतो.

काही अडलं तर जेसन फाइल आणि प्रोग्रामचा आवृत्ती क्रमांक आम्हाला पाठवा.