कलहंसाचे अधिवास आणि बेळगावचा सीमाभाग

कलहंस हा हंसकुळातील मोठा, राखाडी-तपकिरी पाणपक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव आन्सर आन्सर. इंग्रजी पुस्तकांत तो ग्रेलॅग गूज म्हणून ओळखला जातो. लांबी ७५ ते ९० सेंमी., वजन साधारण ३ किलो, पाय गुलाबी. युरोपातल्या पक्ष्याची चोच नारिंगी, तर आशियातल्या पूर्वेकडच्या उपजातीची गुलाबी असते. भारतात हिवाळ्याला येतो तो हा गुलाबी चोचीचा. उडताना पंखाची पुढची कड फिकट, जवळजवळ रुपेरी दिसते. लांबून ओळखायला ही खूण पुरते.

हंस म्हटले की डोळ्यांसमोर येतो पाण्यावर डौलाने तरंगणारा पांढरा पक्षी, देवळांच्या पट्ट्यांवर कोरलेला. प्रत्यक्षात कलहंसाचे पोट पाण्यात भरत नाही, जमिनीवर भरते. चरण्याच्या बाबतीत तो बदकापेक्षा मेंढीला जवळचा. चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांनी तो कोवळे गवत कातरतो. चोच मजबूत असल्यामुळे चिखलातले कंद आणि मुळेही उपसून खातो. शाळू निघाल्यावर शिवारात धनगरांचा कळप बसतो, तसाच कलहंसांचा थवा कापणी झालेल्या रानात उतरतो. तेव्हा त्याचा अधिवास म्हणजे नुसते तळे नव्हे. निजायला आणि धोका आला तर पळायला उघडे पाणी, त्याला लागून आखूड गवत किंवा पीक, आणि मधली वाट बिनधोक, एवढे जुळले पाहिजे. पाणी भरपूर पण काठ उभा आणि दगडी असेल, तर असे तळे त्याच्या उपयोगाचे नाही.

वीण आइसलँड-स्कॉटलंडपासून पूर्व आशियापर्यंत होते. घरटे बोरू या उंच पाणगवताच्या दाटीत, दलदलीत किंवा तळ्यातल्या बेटावर, कोल्ह्याला सहज पोचता येणार नाही अशा ठिकाणी. अंडी बहुधा ४ ते ६; मादी सुमारे २८ दिवस उबवते, नर जवळपास राखण करतो. पिले जन्मल्या जन्मल्या चालू लागतात आणि जे पहिले हलताना दिसेल त्याच्या मागे जातात. प्राण्यांच्या वर्तनाचे ऑस्ट्रियन अभ्यासक कोनराड लोरेंट्स यांनी पिलाच्या मनावर उमटणारा हा ‘ठसा’ याच पक्ष्यावर अभ्यासला. पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. उन्हाळ्यात पंखांची मोठी पिसे एकदम झडतात आणि महिनाभर पक्ष्याला उडताच येत नाही. एरवी चार मैल उडून चारा गाठणाऱ्या हंसाला त्या काळात चारा, पाणी आणि लपण हाकेच्या अंतरावर लागते. नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डरस्प्लासन या दलदलीत पिसे झाडायला जमलेले हजारो कलहंस बोरू इतका खातात की मधले पाणी मोकळे राहते. अधिवास पक्ष्याला घडवतो हे आपण म्हणतोच. इथे पक्षी अधिवास घडवतो.

किनाऱ्यावरचा कलहंस राहतो नदीमुखाशी, खाऱ्या गवताळ पट्ट्यात, नॉर्वे-स्कॉटलंडच्या बेटांवर. खाऱ्या पाण्यावर तो रात्र काढतो, चरायला आतल्या कुरणांत येतो. भारतात त्याची नेहमीची ठिकाणे उत्तरेकडची : काश्मीरमधली तळी, पंजाबातले हरिके, राजस्थानातले भरतपूर. पूर्व किनाऱ्यावर ओडिशाच्या चिलिका सरोवरातही तो आढळतो. चिलिका हे निमखाऱ्या पाण्याचे. तळे आणि किनारा अशी दोन्ही रूपे तिथे एकत्र मिळतात.

दख्खनच्या पठारावर कलहंस फार क्वचित दिसतो. बेळगाव, निपाणी, कारवारच्या सीमाभागात हंस दिसल्याची बातमी येते, तेव्हा तो बहुतेक वेळा त्याचा भाऊबंद पट्टकादंब असतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळे. तिबेट, मंगोलिया, लडाख इथून हिमालय ओलांडून तो येतो. (नावातल्या ‘कादंबा’वरून इकडच्या माणसाला हलशीचे कदंब राजे आठवतात, पण ते घराणे कदंबाच्या झाडाचे.) कन्नडमध्ये हंसाला हेब्बातु म्हणतात, म्हणजे मोठे बदक. मराठी माणूस तर सगळ्यांनाच बदक म्हणून मोकळा होतो.

सीमाभागातली मोठी पाणथळ ठिकाणे बहुतांशी माणसाने केलेली आहेत. घटप्रभेवर हिडकलचे धरण, मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ, बेळगाव शहराला पाणी देणारे मार्कंडेयवरचे राकसकोप. गोकाक तालुक्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्याभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. १९७४ मध्ये ते जाहीर झाले, क्षेत्र सुमारे ३० चौ. किमी. करकोचे आणि पांढरे बलाक हे तिथले नावाजलेले हिवाळी पाहुणे. पट्टकादंब पाहायचा तर अजून पूर्वेला जावे : कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर किंवा गदग जिल्ह्यात शिरहट्टी तालुक्यातल्या मागडी तळ्यावर. मागडीला तो हजारोंनी उतरतो. दिवसा तळ्यावर विसावतो आणि रात्री आसपासच्या रानांत शेंगा-हरभऱ्यावर जातो. शेतकऱ्याला यात फार कौतुक वाटावे असे काही नाही. हे तळे २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले.

धरणाच्या पाण्याचा हंसाला उपयोग होतो तो ते उतरू लागल्यावर. दिवाळीनंतर पातळी खाली जाते, ओला गाळ उघडा पडतो, त्यावर कोवळे गवत येते. लोक तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी, करतात. हंसाला हवी तशी आखूड हिरवळ नेमकी याच पट्ट्यात मिळते. तिथे फिरताना पक्षी नसला तरी त्याची खूण सापडते : बोटाएवढ्या लांब, हिरवट, गवताच्या चोथ्याने भरलेल्या लेंड्या आणि चिखलात पडद्याच्या पायांचे तिकोनी ठसे. गाळपेरीसाठी तोच पट्टा माणसालाही हवा असतो, आणि काठ पिकाने भरला की पक्ष्याला मोकळा चारा कमी उरतो. आलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची चर्चा सांगली-कोल्हापुरात पुराच्या भीतीने होते. पातळी वाढली तर आजचा उथळ काठ बुडेल आणि नवा काठ वर कुठे, कसल्या उताराचा बनेल, हे त्या त्या जागेच्या जमिनीवर ठरेल. या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

किनाऱ्याकडे, कारवारजवळच्या काळी नदीच्या मुखाशी आणि कुमठ्याजवळच्या अघनाशिनीच्या खाडीत, चित्र वेगळे आहे. तिथे कांदळवन आहे, भरती-ओहोटीचा चिखल आहे आणि कग्गा हा खारे पाणी सोसणारा भात घेण्याच्या ‘गजनी’ जमिनी आहेत. चिखलपायी पक्ष्यांना ही मेजवानी. उत्तर युरोपातला हंस ज्या खाऱ्या कुरणावर जगतो, तसे विस्तीर्ण आखूड गवत मात्र इथे नाही.

कलहंसाचा वंश सीमाभागात पाहायचाच असेल तर एखाद्या मळ्याच्या फाटकापाशी जावे. राखणीला पाळलेला, अनोळखी माणसावर मान लांबवून फुसकारत धावून येणारा पांढरा ‘राजहंस’ हा पुष्कळदा रानटी कलहंसाचाच पाळीव वंशज असतो. चोचीच्या मुळाशी गाठ असेल तर तो चिनी हंसाच्या वंशातला. खात्री करायला फार जवळ जाऊ नये.