आधी गाणे, मग आवाज, शेवटी विनोद

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आज अशी कलाकार भेटणे फारसे नवलाचे राहिलेले नाही, जिने संगीत विशारद केलेले असते, जी आठवड्यातले तीन-चार दिवस अंधेरीकडच्या डबिंग स्टुडिओत कार्टूनमधल्या सात वर्षांच्या मुलाला आवाज देते आणि शनिवारी रात्री एखाद्या कॅफेच्या माळ्यावर माइक हातात घेऊन स्वतःच्या घरादारावर पंधरा मिनिटे लोकांना हसवते. तिची ओळख करून देणारा सूत्रसंचालक ‘बहुआयामी’ हा शब्द वापरून मोकळा होतो. खरे पाहता गाणे, सोंग आणि विनोद या गोष्टी मराठी रंगभूमीवर एकमेकींपासून फार लांब कधीच नव्हत्या. बाईला मात्र त्या एकाच वेळी खुल्या झाल्या नाहीत. आधी तिचे गाणे चालले, मग न दिसणारा आवाज चालला, आणि तिने स्वतः रचलेला विनोद चालायला सर्वांत जास्त काळ गेला.

कीर्तनकार एकाच बैठकीत गातो, आख्यानातल्या पाच-सहा पात्रांचे आवाज काढतो आणि समोर डुलक्या काढणाऱ्या यजमानाला चिमटाही घेतो; तिन्ही कामे एकाच माणसाने करण्याचा हा आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना म्हणता येईल. तमाशात ही कामे वाटली गेली आणि ती वाटणी बोलकी आहे. गवळणीतली मावशी ही सगळ्यांत तिखट जिभेची. श्रीकृष्णालाही ती सोडत नाही. पण मावशी परंपरेने लुगडे नेसलेला पुरुष रंगवतो, आणि फडातल्या ज्या स्त्रिया गात आणि नाचत, त्यांच्या वाट्याला बतावणीतले, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतले, हशे फारसे येत नसत. सोंगाड्या या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप आपल्याला चटकन सुचत नाही, ते उगाच नव्हे.

संगीत नाटकात तर स्त्रीची भूमिकाच दीर्घकाळ पुरुषाकडे होती. बालगंधर्वांची लोकप्रियता शिखरावर असताना स्त्रियांनी रंगमंचावर येणे हा वादाचा विषय होता, आणि तो वाद सौम्य करण्यात गाण्याचा मोठा हात होता. हिराबाई बडोदेकरांनी मैफलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे गाणे त्यांच्या आधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे सुहासिनी मुळगांवकर यांनी ‘संगीत सौभद्र’ एकटीने सादर केले. सगळी पात्रे, सगळी पदे, एकच बाई! आज ज्याला आपण आवाजाची लवचीकता म्हणतो तिची इतकी कठीण परीक्षा दुसरी सांगता येणार नाही, आणि तरीही या प्रयोगाची आठवण विनोदाच्या इतिहासात कुणी काढत नाही.

दुसरा दरवाजा रेडिओने उघडला. मुंबई केंद्र 1927 मध्ये सुरू झाले आणि काही दशकांत ऐकणाऱ्याच्या घरात न दिसणाऱ्या स्त्रियांचे आवाज नात्यातले झाले. आकाशवाणीवरच्या ‘प्रपंच’मधील मीनावहिनींचा, म्हणजे नीलम प्रभू यांचा आवाज आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी हे त्याचे सर्वांत लाडके उदाहरण होय. मीनावहिनी चतुर होत्या, टोमणा अचूक मारत. चेहरा पडद्याआड असल्यामुळे तो टोमणा कुणाला खुपत नसे. भक्ती बर्वे याही निवेदनाकडून रंगभूमीकडे आल्या. 1975 च्या ‘ती फुलराणी’तले त्यांचे गाजलेले स्वगत पुन्हा ऐकावे: बोलीचा हेल, स्वराची चढण आणि श्वास घेण्याची जागा यांवरच हशा उभा राहतो. हे तंत्र केवळ अभिनयातून येत नाही, त्यामागे माइकसमोर काढलेली वर्षे असतात. नंतर ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ या कार्यक्रमातून त्या एकट्याही रंगमंचावर आल्या.

याच काळात पुरुषांचा एकपात्री विनोद मात्र ऐन भरात होता. पु. ल. देशपांडे यांनी 1961 पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगवली. ते उत्तम पेटी वाजवत, आणि त्यांच्या वाक्यांना जो ताल आहे तो कुठून आला हे वेगळे सांगायला नको. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे उभी करत, त्यांत बायकाही होत्या, म्हणजे पुन्हा मावशीच. स्त्रीच्या एकपात्री प्रयोगाचे ठळक नाव घ्यायचे तर सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हे 1989 चे. प्रयोग मोलाचा होता यात वाद नाही. पण बाईने एकटीने रंगमंच व्यापायचा तर विषय थोर असावा लागतो, अशी एक न लिहिलेली अट त्या काळात होती, असे माझे मत आहे.

आवाजाच्या व्यवसायाला खरे बाजाराचे रूप आले ते नव्वदच्या दशकात. दूरदर्शनवर 1993 मध्ये ‘जंगल बुक’ हिंदीतून आले आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान पोरासोरांच्या तोंडी बसला. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’ हिंदीत लागला आणि डब केलेला परदेशी चित्रपट गल्ला भरतो हे वितरकांना कळले. मागोमाग कार्टूनच्या वाहिन्या हिंदीत बोलू लागल्या. इथे स्त्रियांना अनपेक्षित फायदा झाला. मालिकेतला मुलगा वर्षानुवर्षे आठ वर्षांचाच राहतो, पण त्याला आवाज देणाऱ्या खऱ्या मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो. त्यामुळे मुलग्यांचे आवाज बायकांकडे आले. निंजा हातोडीला आपल्या मेघना एरंडे यांचा आणि डोरेमॉनला सोनल कौशल यांचा आवाज मिळाला, तो याच परंपरेतला.

डबिंगच्या खोलीत संगीत नेमके कुठे उपयोगी पडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर, अलीकडे काळोखात एक माइक, एक पडदा आणि स्टँडवर संहिता. कानातल्या हेडफोनमध्ये मूळ भाषेतला आवाज, म्हणजे पायलट, चालू असतो. पडद्यावरचे ओठ उघडताच हिंदी वाक्य सुरू झाले पाहिजे आणि ओठ मिटताना संपले पाहिजे. जपानी पात्राचे ओठ सात वेळा हलले आणि भाषांतर अकरा अक्षरांचे आले, तर चार अक्षरे कुठे दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, टाकायची हे कलाकाराला तिथल्या तिथे ठरवावे लागते. ज्याने हातावर त्रिताल धरून बोलांची दुगुन-चौगुन म्हटली आहे त्याला हा हिशेब करावा लागत नाही, तो अंगात असतो. शिवाय वाक्यांपेक्षा त्रासदायक असतात त्या ‘रिॲक्शन’: पडणे, धापा टाकणे, हुंदका, तोंडात घास असताना हसणे. दोन तास किंचाळणारे माकड केल्यानंतर दुसऱ्या दिवशी तार सप्तक लागत नाही, म्हणून पहाटेचा खर्जाचा रियाज चुकवून चालत नाही.

हा रियाज शिकवणारी व्यवस्था या भागाच्या उंबरठ्यावरच आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, आणि मिरजेबरोबर वाशी हे त्याचे केंद्र झाले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा ठाण्या-ऐरोलीतल्या घराघरांतून दिल्या जातात. मुलीने गाणे शिकावे याला मध्यमवर्गाची हरकत नव्हतीच. त्या शिकण्यातून पुढे ती काय काय करील याची कल्पना तेवढी कुणाला नव्हती. तलावपाळीवरचे गडकरी रंगायतन 1978 पासून उभे आहे आणि तिथे पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरत आला आहे, म्हणजे ऐकण्याची सोयही घराजवळच होती.

स्टँड-अपची कहाणी त्या मानाने थोडक्यात सांगता येते. 2005 च्या दूरचित्रवाणीवरील हास्यस्पर्धेने एकट्या विनोदवीराला घराघरांत नेले, 2010 मध्ये लोअर परळला विनोदासाठी खास रंगगृह उघडले, आणि इंग्रजीत अदिती मित्तल यांच्यासारख्या स्त्रिया स्वतःचे लिहून बोलू लागल्या. हिंदीत सुगंधा मिश्रा यांचे उदाहरण आपल्या विषयाशी थेट जुळते: त्या जालंधरच्या, इंदूर घराण्याशी नाते सांगणाऱ्या गायक कुटुंबातल्या, आणि त्यांनी गाण्याच्या व विनोदाच्या अशा दोन्ही स्पर्धा गाजवल्या. थोर गायिकेची नक्कल करायला आधी सुरात गावे लागते, एवढी साधी गोष्ट त्यांच्यामुळे प्रेक्षकांच्या लक्षात आली. मराठीत ‘फू बाई फू’ आणि 2018 पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव अशा अभिनेत्रींना विनोदाच्या मध्यभागी आणले. तरी प्रहसन बहुधा दुसऱ्याने लिहिलेले असते. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीच्या मंडळींनी मराठी स्टँड-अपला श्रोता मिळवून दिला, तेव्हा कुठे शेवटचा दरवाजा किलकिला झाला.

ओपन माइकला, म्हणजे नवख्यालाही थोडा वेळ विनोद करून पाहता येतो अशा कार्यक्रमाला, तिहाईचा नियम लागू पडतो, हे गाणाऱ्या मुलीला इतरांपेक्षा लवकर उमगते: दोनदा एक वळण दाखवावे आणि तिसऱ्यांदा समेवर आदळावे. पहिल्या मिनिटातला विनोद शेवटी परत आणणे, ज्याला विनोदवाले कॉलबॅक म्हणतात, ते तिला मुखड्यावर येण्यासारखे वाटते. मात्र पोट भरते ते डबिंग आणि सकाळच्या गाण्याच्या शिकवण्या. स्टँड-अपमधून पुष्कळदा येण्याजाण्याचा खर्चही सुटत नाही. 2014 मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून ठाण्याहून स्टुडिओ गाठणे निदान सोपे झाले आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. मराठी माणसाला हिंदी समजते, या हिशेबाने डबिंगचे बहुतेक काम हिंदीतच होते. म्हणजे स्टुडिओत ती दिवसभर हिंदी बोलते. रियाजाला बसली की बंदिशी बहुतेक ब्रज भाषेतल्या. नौपाड्यात किंवा घणसोलीत वाढताना कानावर पडलेली, आजीची आणि लोकलच्या डब्यातल्या बायकांची मराठी तिच्या धंद्यात कामाला येते ती फक्त शनिवारच्या त्या पंधरा मिनिटांत.