पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणि खिडकीवरचा पडदा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवीन कॉर्डलेस (बॅटरीवर चालणारं) ड्रिल घरी गेलं की त्याचं पहिलं काम बहुतेक घरांत एकच असतं, पडद्याचा रॉड. आणि दोन-तीन दिवसांत तेच मशीन आमच्या काउंटरवर परत येतं. "यात दमच नाही." "भोक पडत नाही." "जळका वास येतोय." आम्ही ते विटेवर आणि लाकडावर चालवून बघतो, तर व्यवस्थित चालतं. मग पिशवीतून बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, बाहेर निघतं. टोक निळं-काळं पडलेलं असतं आणि धार बोथट होऊन गोल झालेली. मशीनचा दोष नाही आणि तुमचाही फारसा नाही. जागा चुकली आहे.

खिडकीच्या वर वीट नसते

खिडकीच्या आणि दाराच्या चौकटीवर आरसीसीचा लिंटल, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा आडवा पट्टा, असतो. त्याची उंची साधारण 6 इंच, कुठे 9 इंच, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना तो निदान 6 इंच भिंतीत शिरलेला असतो. आता पडद्याचे ब्रॅकेट आपण कुठे लावतो? चौकटीच्या 3-4 इंच वर आणि 3-4 इंच बाहेर. म्हणजे नेमके लिंटलवर. घरातल्या बाकी सगळ्या भिंती विटांच्या असल्या, तरी नव्या मशीनची पहिली गाठ काँक्रीटशीच पडते.

आपल्या कोल्हापूर भागातल्या काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची असते. बिटासमोर खडीचा तुकडा आला की मशीन नुसतं गरगरतं, बिट तसूभर पुढे जात नाही. माणूस मग अंगाचा भार टाकतो. इथंच नुकसान होतं. वॉल बिटाच्या (भिंतीसाठीच्या बिटाच्या) टोकाला कार्बाइड या फार कठीण पदार्थाचा तुकडा ब्रेझिंग करून, म्हणजे झाळून, बसवलेला असतो. एकाच जागी घासून तो तापला की आधी त्याची धार जाते, मग ब्रेझिंग सैल पडून तुकडाच निघून येतो. त्यानंतर तुम्ही अर्धा तास मशीन चालवलं तरी भिंतीला फक्त खळगा पडणार, आणि बॅटरी व मोटर तापणार ते वेगळंच.

आपण कशात भोक पाडतोय ते पुडीवरून ओळखा. पहिले 12 ते 15 मिलिमीटर करडी पूड येते, ती प्लास्टरची, तिच्यावरून काही ठरवू नका. पुढे लाल पूड आली तर वीट आहे. करडीच येतेय पण बिट सरासर आत जातंय, तर फ्लायअ‍ॅशची वीट किंवा एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक). करडी पूड चिमूटभर आणि बिट जागच्या जागी, तर काँक्रीट. तिथंच थांबा.

थांबल्यावर तीन वाटा आहेत. पहिली वाट सगळ्यात सोपी. ब्रॅकेट चौकटीच्या कडेपासून 8-9 इंच बाहेर घ्या, तिथं बहुतेक वेळा वीट लागते. रॉड थोडा लांब घ्यावा लागेल, पण पडदा पूर्ण बाजूला सरकतो आणि खिडकी मोकळी राहते, हा फायदाच. अडचण दोन ठिकाणी येते. रॉड 6-7 फुटांपेक्षा लांब असेल तर मधला ब्रॅकेट लागतो आणि तो लिंटलवरच येणार. आणि बऱ्याच नव्या अपार्टमेंटमध्ये लिंटल एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग ओतलेला असतो किंवा वरचा बीमच खिडकीपर्यंत खाली आलेला असतो. तिथं बाजूला सरकून उपयोग नाही.

दुसरी वाट म्हणजे आहे त्याच मशीनने, पण सबुरीने. मशीन 18 व्होल्टचं, हॅमरवालं (फिरताना पुढे ठोकेही देणारं) आणि बिट नवं असेल तर 6 मिलिमीटरची दोन-चार भोकं लिंटलमध्ये नक्की होतात. मशीनचं कडं हॅमरच्या खुणेवर आणा, गिअर 2 वर ठेवा, आणि 10 सेकंद चालवून बिट बाहेर ओढा. पूड झटकली जाते आणि टोक गार होतं. बिट अडलं तर जोर लावू नका. जुनं बोथट बिट किंवा सेंटर पंच भोकात धरून हातोडीचे चार-पाच ठोके द्या. खडीचा तुकडा तडकतो आणि बिट पुन्हा चालायला लागतं. पुडीत चकचकीत लोखंडी कीस दिसला तर सळई लागली आहे. ती कापायची नाही, भोक इंच-दीड इंच सरकवायचं.

तिसरी वाट रोटरी हॅमरची. तीन खिडक्या म्हणजे सहा ब्रॅकेट आणि बारा भोकं. एवढं काम असेल तर कॉर्डलेसशी झुंजण्यात अर्थ नाही. एसडीएस प्लस (खाचांच्या दांड्याची बिटं घेणारा) रोटरी हॅमर आमच्याकडे अर्ध्या दिवसाच्या भाड्यावर मिळतो, 6 आणि 8 मिलिमीटरची बिटं सोबत. सगळ्या खिडक्यांची भोकं एकाच सकाळी मारून घ्या आणि स्क्रू मग निवांत आपल्या ड्रिलने आवळा.

कॉर्डलेसच्या आणि रोटरीच्या हॅमरमध्ये फरक काय, असं विचारलं जातं. कॉर्डलेस ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका तयार होतो. मिनिटाला 20,000 च्या पुढे ठोके असतात, पण प्रत्येक ठोका हलका, आणि त्यामागचा जोर तुमच्या हाताचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो. ठोके मिनिटाला 4,000 ते 5,000 च, पण एकेक ठोका खडी फोडणारा. त्याला हाताने फक्त धरायचं असतं.

कारखान्यातलं बिट भिंतीला लावू नका

कोल्हापुरात घरातलं कुणीतरी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला कामाला असतंच, आणि घरी चांगली एचएसएस (हाय स्पीड स्टीलची, धातूसाठीची) बिटं पडलेली असतात. लोखंडाला त्यांच्यासारखं बिट नाही. पण भिंतीतली वाळू एचएसएसपेक्षा कठीण. विटेच्या एकाच भोकात त्याची धार सपाट होते, आणि मग ते लोखंडालाही चालत नाही. टोक नीट बघा. वॉल बिटाच्या टोकावर वेगळ्या रंगाचा, अंगापेक्षा किंचित रुंद तुकडा बसवलेला दिसतो. एचएसएस बिट टोकापासून दांड्यापर्यंत एकाच धातूचं असतं. लाकडाच्या बिटाला मध्ये टोकदार खिळ्यासारखी अणी असते.

आणखी एक. भोक पडत नसेल तर ट्रिगरच्या वरचं उलट-सुलट फिरवायचं बटण आधी बघा. स्क्रू काढून झाल्यावर ते उलटंच राहतं, आणि उलटं फिरणारं बिट नुसतं घासून तापतं.

कोणतं मशीन घ्यावं

फक्त भिंतीला भोकं पाडायची असतील, तीही वर्षातून चार-सहा, तर कॉर्डलेस घेऊच नका. वायरचं 500-600 वॅटचं, 13 मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट धरणारं तोंड) हॅमर ड्रिल स्वस्त पडतं आणि भिंतीत जोरकस चालतं. कॉर्डलेसचा खरा उपयोग स्क्रू आवळण्यात, फर्निचर जोडण्यात, बिजागऱ्या बसवण्यात, आणि जिथं जवळ प्लग पॉइंट नाही अशा गच्चीवर किंवा शेतघरात.

व्होल्टच्या आकड्यांनी पुष्कळ गोंधळ होतो. लिथियम सेल 3.6 व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाला की 4.2. पाच सेल म्हणजे 18 व्होल्ट, पूर्ण चार्जला 21. म्हणून 18, "20 मॅक्स" आणि 21 असं लिहिलेली मशीनं एकाच ताकदीच्या बॅटरीची. तीन सेलची बॅटरी 10.8 व्होल्टची, तिलाच 12 म्हणतात. बाजारात 48, 88, अगदी 128 लिहिलेली मशीनंही दिसतात. त्यांची बॅटरी उघडली तर आत बहुतेक पाचच सेल निघतात. तो आकडा मॉडेलचा समजा, व्होल्टचा नव्हे. आम्ही ती ठेवत नाही, कारण त्यांची सुटी बॅटरी आणि स्विच वर्षभराने मिळेल याची खात्री आम्हाला देता येत नाही.

घरासाठी पहिलंच मशीन घेणाऱ्याला आम्ही 18 व्होल्टचं, हॅमर असलेलं, दोन गिअरचं, 2 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन बॅटऱ्यांसह घ्यायला सांगतो. एकच बॅटरी असली की ती बरोबर शिडीवर असताना संपते. ज्यांना फर्निचरपुरतंच हवंय त्यांना 12 व्होल्टचं पुरे. ते हलकं असतं, कपाटाच्या आत हात घालून चालवता येतं, आणि तुम्हाला तेच योग्य असेल तर आम्ही तेच देऊ. खोक्यावरची अक्षरं मात्र वाचा. बॉशमध्ये जीएसआर म्हणजे बिनहॅमरचं आणि जीएसबी म्हणजे हॅमरचं. मकिताच्या नंबरात डीएफ म्हणजे बिनहॅमर, एचपी म्हणजे हॅमर. इम्पॅक्ट ड्रायव्हर ही तिसरीच चीज. आखूड नाकाचा, षटकोनी दांड्याची बिटं घेणारा, लांब स्क्रू आणि बोल्टसाठी उत्तम. नावात इम्पॅक्ट आहे म्हणून भिंतीसाठी नेऊ नका. त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेत असतो, भिंतीच्या दिशेत नसतो.

स्क्रू दोन इंचीच का

रॉड पडला, गिट्टीसकट (स्क्रूला धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळीसकट) बाहेर आला, ही दुसरी नेहमीची तक्रार. हिशेब असा आहे. आतलं प्लास्टर 12 ते 15 मिलिमीटर. 6 नंबरची गिट्टी 30 मिलिमीटर लांब. गिट्टी प्लास्टरच्या तोंडाशी सोडली तर तिचा निम्मा भाग प्लास्टरमध्येच राहतो, आणि प्लास्टर धरून ठेवत नाही. म्हणून गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे, पूर्ण विटेत ढकलायची. भोक 55 मिलिमीटर खोल: 15 प्लास्टरचे, 30 गिट्टीचे, उरलेले 10 तळाशी साचणाऱ्या पुडीसाठी. बिटाला 55 वर मास्किंग टेप गुंडाळा म्हणजे खोली कळते. स्क्रू 8 नंबरचा, 2 इंची. रॉडच्या पाकिटात मिळणारा इंचभर स्क्रू बाजूला ठेवा. गिट्टी आत घालण्यापूर्वी भोकात फुंकणी मारा, तोंडाने फुंकू नका, पूड थेट डोळ्यात येते.

एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवा, नाहीतर 6 चं भोक 8 चं होतं आणि गिट्टी आतच फिरते. त्यासाठी वेगळी, पंख असलेली गिट्टी येते, ती मागून घ्या. पेठांतल्या जुन्या घरांच्या भेंड्यांच्या (कच्च्या विटांच्या) किंवा मातीच्या भिंतीत कोणतीच गिट्टी टिकत नाही. तिथं लाकडी खुंटी ठोका किंवा सरळ खांबात, तुळईत स्क्रू घ्या.

टाइलवर हॅमर बंद, गिअर 1, खुणेवर मास्किंग टेप, आणि टाइलचं वेगळं भाल्याच्या टोकाचं बिट. टाइल पार झाल्यावरच वॉल बिट लावून हॅमर सुरू करा. व्हिट्रिफाइड टाइलला हे बिटही दाद देत नाही, तिला डायमंड बिट आणि ओला स्पंज लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत भोक नको, आत वायर आणि पाइप असतात.

स्क्रू आवळताना क्लचचा (ठरावीक जोरानंतर फिरणं थांबवणाऱ्या कड्याचा) आकडा 5-6 पासून सुरू करून वाढवत न्या. बहुतेक स्क्रूंना पीएच 2 (फिलिप्स) बिट लागतं, काही बिजागऱ्यांच्या स्क्रूंना पीझेड 2 (पोझिड्राइव्ह). दोन्ही दिसायला सारखी, पण चुकीचं लावलं की स्क्रूची चौफुली घासून गुळगुळीत होते. प्लायमध्ये 8 नंबरच्या स्क्रूआधी अडीच मिलिमीटरचं भोक घ्या, सागवानात 3 चं.

बॅटरी

काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. पावसाळ्यात मशीन महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून कोरड्या जागी ठेवा आणि चकला तेलाचा एक थेंब द्या. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पाण्यात गेलेली मशीनं अनेकांनी वाळवून चार्जिंगला लावली. तसं कधीही करू नका. आत पाणी गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. मशीन वाचू शकतं, बॅटरी टाकूनच द्यायची.

आमची पद्धत

बिल करण्यापूर्वी आम्ही खोकं उघडून मशीन तुमच्यासमोर विटेवर चालवतो. सील तुटलं म्हणून काहींना रुचत नाही, पण त्या दोन मिनिटांत चक घट्ट कसा करायचा (कट-कट आवाज येईपर्यंत) आणि हॅमर कुठे बंद होतो, ते हाताला कळतं. वापरलेलं बिट आम्ही बदलून देत नाही. तापून गेलेलं बिट कंपनीही परत घेत नाही. मशीनमध्ये खरा दोष असेल तर बिल आणा, वॉरंटीचं पुढचं काम आम्ही बघतो.

शंभर नगांची पेटी आम्ही विकत नाही, तिच्यातली दहा बिटंही कामाला येत नाहीत. पहिल्या मशीनसोबत आम्ही सुटं सामान काढून देतो: 6 चे वॉल बिट दोन, 8 चं एक, एचएसएस अडीच, 3, 4 आणि 5 ची, पीएच 2 तीन, पीझेड 2 एक, चुंबकी होल्डर, 6 नंबरच्या 50 गिट्ट्या, 8 नंबरचे 2 इंची स्क्रू, मास्किंग टेप आणि गॉगल. गॉगल घरी असेल तर तो वगळा.

येताना खिडकीचा फोटो मोबाइलवर आणा. छतापर्यंतची भिंत आणि चौकट दोन्ही त्यात दिसू द्या. जमलं तर कोपऱ्यात एक भोक पाडून पुडीचाही फोटो घ्या. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सकाळी गर्दी कमी असते, निवांत बघून सांगता येतं. रोटरी हॅमर शनिवार-रविवारी लागणार असेल तर गुरुवारपर्यंत सांगून ठेवा.