‘सांग ना भो’ आणि मेंदूतला निळा ठिपका

२२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनाजवळ आगीची अफवा उठली, पुष्पक एक्स्प्रेसची साखळी ओढली गेली, माणसं रुळांवर उतरली आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. बातम्या मृतांच्या आकड्यापाशी थांबल्या. ज्यांनी देह उचलले, ॲम्ब्युलन्स हाकल्या, कॅज्युअल्टीत रात्र काढली, त्यांचं पुढे काय होत असेल? आपल्याकडे याचं उत्तर पाठच असतं: ‘बस इथं, चहा घे. सांग ना भो, काय काय पाहिलं? मन मोकळं कर.’

चहा उत्तम. घोळ पुढच्या वाक्यात आहे.

हा समज नुसता पारावरचा नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी बचावकर्मींना घटनेनंतर लगेच एकत्र बसवून सगळं बोलून घेण्याची पद्धत मांडली. ‘डीब्रीफिंग’ म्हणून ती जगभर गेली. मग चाचण्या झाल्या. इंग्लंडमध्ये रस्ता अपघातातल्या जखमींना असंच एकेकट्याने बोलतं केलं होतं. त्याचा तीन वर्षांनंतरचा निकाल २००० मध्ये छापून आला. सुरुवातीलाच जास्त हादरलेल्यांपैकी ज्यांना बोलतं केलं, ते इतरांपेक्षा वाईट अवस्थेत होते. ते रुग्ण होते, कर्मचारी नव्हेत, हे खरं. पण सगळ्यांना सक्तीने बोलतं करायचा आग्रह तिथेच लंगडा झाला.

असं का व्हावं? एक स्पष्टीकरण मला फार आवडतं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. नावाचा अर्थच निळी जागा. धोका दिसला की तो मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे सावध करणारं रसायन, सोडतो. ते अमिग्डाला या भीती ओळखणाऱ्या भागाच्या पेशींवरच्या बीटा ग्राहींना (रसायन जिथे बसतं त्या खाचांना) चिकटतं आणि अमिग्डाला आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला बजावतो: हे पक्कं कर. पक्कं करायला नवी प्रथिनं बनावी लागतात, त्याला काही तास जातात. म्हणजे आठवण अजून ओल्या सिमेंटसारखी, आणि आपण ‘नीट आठवून सांग’ म्हणत पुन्हा तोच रसायनाचा फवारा सोडायला लावतो. आता गंमत बघा: स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, हा निळा ठिपका जवळपास गप्प असतो. तेव्हा आठवणी चाळवल्या जातात, पण भीतीचं रसायन नसतं; त्यातूनच आठवण राहते आणि तिचा डंख बोथटतो, असं काही संशोधक मानतात. सिद्ध झालेलं नाही, पण दारू आरईएम झोप खाते हे नक्की. म्हणून ‘दोन पेग मार, झोप लागेल’ हा सल्ला उलटा.

शवागारात राबलेल्या माणसाला आठवड्यानंतर कुठेतरी डिझेलचा वास येतो आणि तो घामाघूम होतो. घरचे ‘बाहेरची बाधा’ म्हणत लिंबू उतरवतात, भगताला बोलावतात. इतर संवेदना मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढे जातात. वास मात्र त्या चौकीला वळसा घालून थेट अमिग्डालापर्यंत पोचतो. एवढंच ते भूत. आणि तासाभराच्या ‘तणावमुक्ती कार्यशाळे’चा बॅनर लावून फोटो काढणाऱ्यांना भगताहून फार वेगळं मानायला मी तयार नाही.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन शब्द आहेत: पाहा, ऐका, (मदतीशी) जोडून द्या. ऐका म्हणजे समोरचा आपणहून बोलला तर. खोदून विचारणं त्यात नाही. झोपेच्या गोळ्यांबद्दलही संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं, की अशा घटनेनंतर पहिल्या महिन्यात बेंझोडायझेपिन गटातल्या गुंगीच्या गोळ्या नकोत.

बाकीचं काम ड्यूटी लावणाऱ्या सिस्टर इन्चार्जच्या हातात आहे. रात्रपाळी केलेल्याला सकाळी जबाब आणि कागदपत्रांसाठी थांबवू नये. शवागारात दोघांची जोडी असावी, दर काही तासांनी बदलावी. नव्या वॉर्डबॉयला मृतांच्या खिशातले फोन हाताळायला देऊ नये. त्यांवर ‘आई’ असं नाव चमकत राहतं. स्वयंसेवकाला तर रजाही नसते, तो दुसऱ्या दिवशी कपाशीत किंवा केळीच्या बागेत असतो; त्याच्याकडे आठवड्याने कुणीतरी चक्कर मारावी. महिना उलटूनही झोप नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, आणि मराठीतही बोलतात.