अपूर्ण आरोग्यगरजांचे मोजमाप (ग्रामीण विदर्भ)

उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्या, किंवा उशिरा नि अर्धवट मिळालेल्या लोकांचे लोकसंख्येतील प्रमाण काढणे. हा आकडा दवाखान्याच्या रजिस्टरातून निघत नाही. जो आलाच नाही त्याचा केसपेपर कुठला? त्यासाठी घरोघरीच जावे लागते.

रूढ मार्ग विचारण्याचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७–१८) मागील १५ दिवसांतील आजार व ३६५ दिवसांतील रुग्णालयातील भरती विचारली गेली. डॉक्टरी सल्ल्याने उपचार घेतले नसल्यास कारणही. ‘आजार गंभीर वाटला नाही’ हे त्यांपैकी एक कारण. खरी गफलत इथेच होते. कापूस वेचणीच्या किंवा धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? दुखणे अंगावर काढले जाते, आणि विचारले तर ‘काही नाही जी, जराशी कंबर दुखते’ एवढेच उत्तर येते. अमर्त्य सेन यांनीही दाखवले आहे की, बिहारपेक्षा कितीतरी निरोगी असलेल्या केरळात लोक आजार जास्त सांगतात.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष तपासणीचा. तो खर्चिक आहे, पण त्याचे सर्वांत बोलके उदाहरण विदर्भातलेच. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, रोग आढळला ९२ टक्क्यांना. सरासरी दर स्त्रीमागे ३.६ रोग. म्हणजे तक्रार नसलेल्यांतही बहुतेकींना रोग होताच. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. नुसते विचारून थांबले असते, तर गरजेचा मोठा हिस्सा कागदावर आलाच नसता.

तिसरा मार्ग सरकारी निकषांचा: मैदानी भागात ५,००० लोकांमागे उपकेंद्र व ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात अनुक्रमे ३,००० व २०,०००. यातून इमारतींची तूट कळते, पोहोच नव्हे. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत बंद पडला आहे. नकाशावरचे अंतर मात्र बारमाही तेवढेच.

रक्तदाबासारख्या आजारांत तूट टप्प्याटप्प्याने काढतात: किती जणांना आहे, त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, गोळ्या किती जण घेतात, आटोक्यात किती जणांचा आहे. यात कामासाठी बाहेर गेलेली मेळघाटातील कोरकू कुटुंबे सहज निसटतात, कारण सर्वेक्षक येतो तेव्हा दाराला कुलूप असते. दार उघडे असले तरी घरातल्या सर्वांची उत्तरे पुष्कळदा एकटा कर्ता पुरुषच देतो.